हवालदाराचे कान पास झाले

पनवेलजवळच्या नेरे गावच्या शाळेत लेझीम शिकवायला काळूराम गडगेला कुणी बोलावलं नव्हतं. फौजेतून निवृत्त होऊन तो गावी आला, त्या पहिल्याच थंडीत शाळेच्या कुंपणाशी उभा राहून मुलांची कवायत बघत होता. पोरं लेझीम अशी धरत होती की जणू मेलेला साप काठीवर उचललाय. बघता बघता त्याच्याने राहवेना. तो आत गेला, एका मुलीच्या हातातली लेझीम घेतली आणि 'चार आवाज' हा लेझमीचा पहिलाच प्रकार करून दाखवला. तेव्हापासून दिवाळीची सुट्टी संपली की सव्वीस जानेवारीपर्यंत शाळेचं मैदान संध्याकाळी त्याचं. गुरुजी बदलले, बाई बदलल्या, मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली, पण हवालदार तोच राहिला. घरी मूलबाळ नव्हतं. वर्षातले हे अडीच महिने त्याला बाकीच्या साडेनऊ महिन्यांना पुरत.

लेझीम शिकवायची म्हणजे डोळ्यांपेक्षा कान लागतो. हात वर गेले, पाय पुढे पडले, हे कुणालाही दिसतं. पण सगळ्या लेझमी एका क्षणी उघडल्या की आवाज एकच येतो, टाळी वाजवल्यासारखा. एक जरी मागे राहिली तरी तो आवाज फाटतो. शिकवणाऱ्याला तो फाटलेला आवाज ऐकू यावा लागतो, आणि कुठून फाटला तेही कळावं लागतं.

नेमकं तेच काळूरामला काही वर्षांपासून ऐकू येत नव्हतं.

तो ठार बहिरा नव्हता. हलगी ऐकू यायची, एसटीचं इंजिन, म्हशीचं हंबरणं, पुरुषांचं बोलणं, सगळं यायचं. गेला होता तो बारीक आवाज. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या, लहान मुलांचं बोलणं निम्मंअधिक गेलं आणि लेझमीचा छनछनाट तर पार पुसला गेला. त्याच्या जागी कानात एक रातकिडा बसला होता. कारगिलच्या उन्हाळ्यात, तोफेमागे उभं राहून रात्रंदिवस गोळे भरताना तो जो कानात शिरला, तो तिथलं बर्फ, ती तोफ आणि ती माणसं मागे राहिली तरी बाहेर पडला नाही.

काळूराम हे कुणाला सांगत नसे. मुलांच्या हातांकडे बघून तो अंदाज बांधायचा, हात बरोबर दिसले की "शाब्बास" म्हणायचा. इतकी वर्षं ते खपून गेलं.

यंदा शाळेत वल्लरीबाई नवीन आल्या. कामोठ्याहून स्कूटीवर येत. वयाने लहान, पण लक्ष बारीक. आठवडाभर त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. मागची रांग सरळसरळ मागे पडत होती आणि हवालदार प्रत्येक वेळी शाब्बास म्हणत होते. शेवटी एका संध्याकाळी मुलं गेल्यावर त्या मुद्दाम त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. बाजूने बोललं तर यांना समजत नाही, हे त्यांनी ताडलं होतं. फार अदबीने त्या म्हणाल्या की काकांनी खूप केलं, आता या वर्षी काकांनी खुर्चीत बसावं, पाहुणे म्हणून. त्यांच्याकडे लेझमीच्या तालाची सीडी आहे, स्पीकर लावून त्या बसवून घेतील. नाताळच्या सुट्टीनंतर काय ते ठरवू, असंही म्हणाल्या, पण ठरलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.

काळूराम घरी आला आणि हातपाय न धुता ओटीवर बसला. त्याची बायको सुनंदा वालाच्या शेंगा निवडत होती. काय झालं म्हणून तिने दोनदा विचारलं. मग उठून त्याच्या समोर आली आणि तिसऱ्यांदा विचारलं. त्याने सांगितलं.

"बाई काय खोटं बोलली?" सुनंदा म्हणाली. "तुमाला हाक मारन्यापरीस म्हशीला मारलेली बरी. ती मान तरी वळवते."

"तुला आता चेष्टा सुचतेय?"

"चेष्टा नाय. तुमच्याकडं ते मिल्ट्रीचं कार्ड हाय ना? माझ्या गुडघ्यासाठी मला दवाखान्यात नेता, साखर तपासायला नेता. सोताचे कान कधी नेले?"

कार्ड होतं. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड त्याने निवृत्तीनंतर लगेच काढलं होतं, आणि पनवेलच्या त्यांच्या दवाखान्यात सुनंदाला तो नेमाने नेत असे. तिथे डॉक्टर भल्या, औषध वेळेवर. बायकोबरोबर जायचं, बाकावर बसून दुसऱ्या रेजिमेंटच्या लोकांशी गप्पा मारायच्या, चहा प्यायचा. पण स्वतःचे कान डॉक्टरसमोर धरायचे हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यालाही कारण होतं.

फौजेत जवानाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. डोळे, दात, छाती, आणि कान. कानाची तपासणी साधी. जवानाने पाठ करून उभं राहायचं, एक कान बोटाने बंद करायचा, आणि मागे दूरवरून डॉक्टर कुजबुजत आकडा सांगेल तो मोठ्याने म्हणायचा. म्हणता आला तर पास. नाही आला तर कॅटेगरी खाली. कॅटेगरी खाली गेली की तोफेवरून उचलून स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायला बसवतात आणि बढती राहते ती राहतेच. म्हणून तोफखान्यातल्या लोकांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. तपासणीच्या रांगेत जो त्या जवानासमोर उभा असेल त्याचं तोंड डॉक्टरकडे असतं. त्याला डॉक्टरचे ओठ दिसतात. त्याने मांडीशी हात धरून बोटं दाखवायची. काळूरामसाठी हे काम बळीराम करायचा, त्याच तोफेवरचा साताऱ्याकडचा गडी. बळीरामची बोटं बघून काळूराम खणखणीत आवाजात आकडे म्हणायचा आणि डॉक्टर 'पुढचा' म्हणायचा. असा तो कारगिलनंतर दरवर्षी पास झाला आणि हवालदार होऊन घरी आला.

अशा माणसाला आपण होऊन डॉक्टरकडे जाऊन 'मला ऐकू येत नाही' म्हणायला सांगणं, म्हणजे सुईच्या नेढ्यातून उंटाला बोलावण्यासारखंच. पण खुर्चीत पाहुणा होऊन बसायचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. सोमवारी तो सुनंदाला घेऊन निघाला.

दवाखान्यातल्या डॉक्टर नीता मॅडम स्वतः फौजेतल्या, मेजर होऊन निवृत्त झालेल्या. केस पिकलेले, बोलणं थोडकं. काळूराम समोर बसला आणि त्याने कानात जरा दडे बसल्यासारखं वाटतं असं काहीतरी सांगितलं. सुनंदाने तोंड उघडलं तर तिला कोपराने ढोसलं. मॅडमनी कानात बॅटरी मारून पाहिलं, फौजेत कुठे होता ते विचारलं, आणि पनवेलमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कानाच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. तपासणीत कान खराब निघाले तर योजनेतून श्रवणयंत्र मिळेल, एक नाही दोन, असं त्यांनी समजावून सांगितलं. यंत्र लावलं की बारीक आवाजसुद्धा येतात का, एवढंच काळूरामने विचारलं. येतात, मॅडम म्हणाल्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

आता खरी गंमत पुढे आहे.

हॉस्पिटलात कानाची तपासणी एका काचेच्या खोलीत होती. काळूरामला आत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. बाहेर काचेपलीकडे तपासणारी मुलगी मशीनसमोर बसली. तिने त्याला नीट सांगितलं की कानात आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक आला तरी दाबायचं.

दार बंद झालं. काळूराम ताठ बसला. समोर काच, काचेपलीकडे ती मुलगी. कानात रातकिडा वाजत होता, दुसरं काही येत नव्हतं. पण त्याच्या लक्षात आलं की ती मुलगी मशीनचं बटण दाबते तेव्हा तिचा खांदा किंचित खाली जातो.

आणि तिथेच त्याच्यातला तोफखान्यातला गडी जागा झाला. कुणी सांगितलं नाही, त्याने ठरवलंही नाही. खांदा खाली गेला, याने बटण दाबलं. खांदा खाली गेला, बटण दाबलं. मध्ये कधी एखादा आवाज खरंच कानात आला, तेव्हाही दाबलं. मुलगी आवाज बारीक करत गेली आणि हवालदार एकही संधी न सोडता दाबत गेला. घाम आला, पण छाती फुगली.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "काका, रिपोर्ट छान आहे. वयाच्या मानाने उत्तम ऐकू येतं तुम्हाला."

काळूरामने तिला सलामच ठोकायचा बाकी ठेवला. हॉस्पिटलच्या पायऱ्या तो पंचविशीतल्या पोरासारखा उतरला. पनवेलच्या बाजारात सुनंदाला भजी खायला घातली, स्वतः दोन चहा घेतले. गावाकडे जाणाऱ्या मिनीडोअर रिक्षात पाठीमागे बसल्यावर मात्र न राहवून तिच्या कानाशी वाकला.

"पास झालो," तो म्हणाला.

सुनंदाने पदरातले सुटे पैसे मोजायचे सोडून त्याच्याकडे बघितलं. "कशात?"

"कानाच्या परीक्षेत. एक पन चूक नाय. त्या पोरीचा खांदा बघून..." आणि त्याने सगळं सांगितलं, अगदी मजेत, हातवारे करून.

सुनंदाने सुटे पैसे पुन्हा पदरात बांधले. गाडी शहराबाहेर पडली, डोंगर दिसायला लागले. मग ती त्याच्या समोर तोंड आणून, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "तुमी पास झालात. मग आता यंतर कोन देनार?"

गाडीतल्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. काळूरामला त्यांचं हसणं ऐकू आलं नाही, पण पदर दिसले.

पुढचे दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. मैदानावर गेला नाही. पोरं दारात येऊन विचारून गेली, सुनंदाने अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. त्याला स्वतःचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. रिपोर्ट तर कागदावर उतरला. सरकारी कागदाने कान चांगले म्हटले की ते चांगले. आता परत जाऊन काय सांगायचं? की मी फसवलं म्हणून? ज्या फौजेने दवाखाना दिला, तिलाच? सुनंदाने एकदा जेवताना विषय काढला तर तो ताटावरून उठायला निघाला. ती म्हणाली, बसा, भाकरीवर राग नको. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याचा इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवला होता आणि स्वतः पातळ बदलून दारात बसली होती. तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

नीता मॅडमनी रिपोर्ट पाहिला. परत पाहिला. मग त्या उठल्या, खिडकी उघडायला म्हणून काळूरामच्या पाठीमागे गेल्या आणि तिथूनच काहीतरी बोलल्या. काळूराम समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. सुनंदा मात्र मागे वळून म्हणाली, "नाय मॅडम, चा नको, आताच घेतला."

मॅडम परत येऊन खुर्चीत बसल्या. रिपोर्ट बाजूला ठेवला.

"हवालदार," त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बोटं कोण दाखवायचं?"

काळूराम पटकन उठून उभा राहिला. हात पँटच्या शिवणीला चिकटले. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असेल तरी जिभेवर आलं नाही. "बळीराम, मॅडम," तो म्हणाला.

"बसा. मी किती वर्षं कुजबुजत आकडे सांगितलेत, तुम्हाला माहितीये? समोर रांगेत गडी मांडीवर बोटं नाचवायचे. आम्ही काय आंधळे होतो?"

"मग मॅडम, पास कसं केलं?"

"तोफेवर कोण उभं राहणार होतं? तुम्हालाही माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं." त्यांनी नवी चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता मान वर केली, म्हणजे त्याला ओठ दिसावेत. "तेव्हा पास व्हायचं होतं म्हणून झालात. आता कॅटेगरी कोण काढून घेणार आहे तुमची? लेझीम शिकवता म्हणे. या सांगत होत्या मागे एकदा."

काळूरामने सुनंदाकडे बघितलं. ती कॅलेंडर बघत होती.

दुसऱ्यांदा तो त्या काचेच्या खोलीपाशी गेला तेव्हा तीच मुलगी होती. चिठ्ठीत पुन्हा तपासणी करा एवढंच लिहिलेलं. तिने त्याला ओळखलं, जरा गोंधळली, पण काही बोलली नाही. हेडफोन उचलले. काळूराम आत जाऊन उभा राहिला. खुर्ची होती तशीच, काचेकडे तोंड करून.

सवय मोठी वाईट असते, हे त्याला त्या दोन दिवसांत पुरतं कळलं होतं. तो समोर बसला असता तर खांदा दिसलाच असता, आणि खांदा दिसला की बोट आपोआप दाबलं गेलं असतं. त्याने खुर्चीची पाठ धरली आणि ती गर्रकन फिरवून भिंतीकडे केली.

"पोरी, मी असा बसतो," तो म्हणाला. "मला तू दिसलीस की माझं काय खरं नाय."

मुलगी हसली असावी. त्याने बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसला, डोळेही मिटले आणि बटण अंगठ्याखाली धरलं.

सुरुवातीला जाड आवाज आले, ढोल दुरून वाजावा तसे. त्याने दाबलं. मग जरा बारीक. दाबलं. मग काही नाही. मग पुन्हा काही नाही. रातकिड्याच्या मागे कुठेतरी काहीतरी आहे का म्हणून तो कान टवकारून बसला, पण तिथे कुणी नव्हतं. तो थांबला. अंगठा बटणावर तसाच राहिला. बाहेर ती मुलगी आवाजामागून आवाज सोडत असणार हे त्याला ठाऊक होतं, आणि एकही त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. इतकं सगळं गेलंय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं लोकांचे ओठ, हात, खांदे बघून त्याने ती पोकळी भरून काढली होती. डोळे मिटले तेव्हा ती सबंध दिसली. पण अंगठा त्याने हलू दिला नाही.

दार उघडल्याचंही त्याला कळलं नाही. मुलीने खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने डोळे उघडले. या वेळी ती त्याच्या समोर येऊन, वाकून बोलली, "काका, दोन्ही कानांना यंत्र लागेल. लवकर यायला हवं होतं तुम्ही."

"नापास?" त्याने विचारलं.

"अगदी," ती म्हणाली.

सुनंदा बाहेर बाकावर बसली होती. तिला त्याने लांबूनच मान हलवून दाखवली, आणि ती अशी हसली की शेजारच्या माणसाला वाटलं यांच्या घरी मुलगा पास झाला.

मधले सोपस्कार झाले. साहेबांच्या सह्या झाल्या, कानाचे साचे घेतले, आणि नाताळची सुट्टी संपता संपता यंत्रं आली. वालाच्या दाण्याएवढी दिसणारी, कानामागे बसणारी. ती लावून काळूराम दवाखान्याच्या बाहेर आला आणि पायरीवरच थबकला. रस्ता केवढ्याने बोलत होता. रिक्षांचे हॉर्न, कागदी पिशवीची कुरकुर, स्वतःच्या चपलेचा फटफट आवाज. डोकं भणभणलं. पहिले चार दिवस तर त्याला वाटलं, नको ही यंत्रं, रातकिडा परवडला. फोडणीचा चुर्र आवाज ऐकून तो दचकायचा. एकदा सुनंदा चुलीपाशी स्वतःशीच पुटपुटत होती, हा दारात उभा राहून ऐकत होता.

"हे असं रोज बोलतेस माझ्याबद्दल?"

"रोज," ती मागे न वळता म्हणाली. "लगीन झाल्यापासून. आता ऐका."

शाळा उघडली त्या संध्याकाळी तो मैदानावर गेला. वल्लरीबाई स्पीकरची वायर सोडवत होत्या. त्यांनी त्याच्या कानांकडे बघितलं, वायर खाली ठेवली, आणि काही न विचारता बाजूला झाल्या. मुलं रांगेत उभी राहिली. सुट्टीत विसरलेली, सुस्तावलेली, एकमेकांना कोपरं मारणारी. काळूरामने हलगीवाल्या पोराला खूण केली.

हलगी वाजली, लेझमी उघडल्या, आणि त्याच्या अंगावर भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज आला.

इतकं वाईट! त्याला वाटलं होतं मागची रांग जरा मागे पडते. इथे तर प्रत्येक पोर आपापल्या घरची लेझीम वाजवत होतं. कुणी आधी, कुणी नंतर, कुणाची साखळी ढिली, कुणी नुसतीच हलवत होतं. गेली कित्येक वर्षं आपण ह्यालाच शाब्बास म्हणत आलो की काय, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला हसू फुटलं. तो मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला, डोळे मिटले, आणि नुसता ऐकत राहिला. फाटलेला आवाज, तुकडे तुकडे झालेला, वाऱ्यावर पत्रा वाजावा तसा. त्याला तो गोड लागला.

मग त्याने हात वर केला. हलगी थांबली.

"दुसरी रांग, डावीकडून तिसरी," डोळे न उघडता तो म्हणाला. "लेझीम उशिरा उघडते. पाय बघत बसतेस ना?"

ती मुलगी, रिबिनी बांधलेली, बारक्या आवाजाची, म्हणाली, "हो काका."

तिचा आवाज त्याला तिच्या जागेवरून, जसाच्या तसा ऐकू आला. त्याने डोळे उघडले.

"पाय आपले आपन पडतात. त्यांच्याकडं नाय बघायचं. शेजारणीची लेझीम ऐकायची, ती उघडली की आपली उघडायची. आणि शेवटची रांग, तुमच्याबद्दल काय बोलू? तुमी लेझीम वाजवताय का घरी भांडी घासताय?"

पोरं खदाखदा हसली, आणि ते हसणंही त्याला सगळं ऐकू आलं. वल्लरीबाईंनी स्पीकर उचलून वर्गात नेऊन ठेवला. दारातून परत येताना त्यांनी एक लेझीम हातात घेतली आणि शेवटच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी पन?" काळूराम म्हणाला.

"मलाही येत नाही काका," त्या म्हणाल्या.

डोंगराआड ऊन उतरत होतं, अजून तासभर उजेड होता. काळूरामने हलगीवाल्याला मान डोलावून दाखवली.

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "चार आवाज. सावकाश."